मामा उना शे

खेमजी जागल्याला मान वर करून चालताना मी फार थोड्या वेळा पाहिलं. गावात नव्यानं आलेल्याला वाटायचं, या माणसाचं काहीतरी हरवलंय. तसं काही नव्हतं. तो वाचत असायचा. आमच्या यांची शाळा सकाळी सातला भरायची, तोवर खेमजीची सुटलेली असायची. झुंजूमुंजू झालं की काठी काखेत धरून तो अनवाणी पायांनी गल्लीच्या कडेकडेनं निघायचा, आणि रात्रीतून धुळीत जे काही उमटलं असेल ते ज्याच्या त्याच्या दारात सांगत जायचा.

"पाटीलबोवा, तुम्हना परसमा काटेवाली बाई उनी व्हती." काटेवाली बाई म्हणजे साळिंदर. तरसाला तो 'लंगडा' म्हणायचा, कोल्ह्याला 'रडक्या'. "उकिरडाकडे दोर गया शे, पोरेसले जाऊ देऊ नका," असं म्हणाला की बायका पोरांना घरात ओढायच्या, कारण दोर म्हणजे साप. वाचून झालेला ठसा तो तळपायानं पुसून टाकी. एका वर्गाचा फळा पुसून दुसऱ्या वर्गावर जावं, तसा पुढच्या दाराकडे वळे. मी एकदा विचारलं, कशाला पुसतोस? तर म्हणाला, "वाची लिधं. आते त्यानं काय काम?"

हे गाव म्हणजे आमखेडी. ब्राह्मणपुरीवरून सातपुड्याच्या अंगाला बैलगाडीनं दोन तासांवर. यांची बदली तिथं झाली तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, नाशिककडची, आणि स्वतःला बरीच शहाणी समजत होते. शाळा आणि आमचं घर गावाच्या अगदी टोकाला, एका आवारात. आवार संपलं की काट्यांचं कुंपण आणि त्याच्यापलीकडे ज्वारी. गावाच्या दुसऱ्या टोकाला भिलाटी होती, भिल्लांच्या वीसेक झोपड्या. खेमजी तिथला. गावाची राखण पिढ्यानपिढ्या त्याच्या घराकडे होती.

उंची जेमतेम पाच फूट. डोक्याला तांबड्या फडक्याचा वेढा, एका कानात चांदीची बाळी, आणि समोरच्या दोन दातांच्या मधे फट, त्यामुळे 'श' बोलताना किंचित वारा यायचा. घरी तो भिली बोले, गावात अहिराणी, आणि माझ्याशी बोलताना माझ्यासाठी म्हणून सावकाश अहिराणी. आमच्या ओट्याच्या खाली उभा राहूनच बोलायचा. आम्हीही त्याला कधी वर ये म्हटलं नाही, हेही लिहायला हवं. पाणी मागितलं तर मी वरून ओंजळीत ओतायची. ती पद्धत होती आणि आम्ही ती पाळत होतो.

आमखेडीतल्या माझ्या दुसऱ्याच सकाळी तो दारात आला आणि म्हणाला, "मास्तरीनबाई, रातले मामा इसन गया."

माझे मामा सिन्नरला राहायचे. मला वाटलं, कामानिमित्त इकडे आले असतील आणि झोपलेल्यांना कशाला उठवायचं म्हणून तसेच गेले असतील. मी चिडलेच. "कधी आले? हाक तरी मारायची! चहा घ्यायला थांबायचं तरी!"

"थांबना नही," खेमजी गंभीरपणे म्हणाला. "तुम्हना ओटावर बसेल व्हता. मंग गया."

मी ओट्यावर पाहिलं. धुळीत बशीएवढे चार ठसे होते, बोटं नीट उमटलेली. मग काय ते कळलं. दुपारपर्यंत गावभर झालं की नव्या मास्तरीणबाई वाघाला चहा पाजायला निघाल्या होत्या. खरं तर तो बिबट्या असायचा, पण तिथं बिबट्यालाही वाघच म्हणत. म्हणत म्हणजे बाकीचे म्हणत. भिलाटीतलं कुणी ते नाव घेत नसे, मामा म्हणे. शिवेवर शेंदूर फासलेला वाघदेव होता, आणि देवाचं नाव असं येताजाता घ्यायचं नसतं. खेमजीनं मला ते दोनच वाक्यांत समजावलं होतं: "नाव लिधं म्हंजे हाक मारी. जो हाक मारस, त्यानाच दारशी येस."

त्या सकाळी मी एक गोष्ट पाहिली. ओट्यावरचे ठसे पुसायला त्यानं पाय लावला नाही. ओट्याखालूनच वाकून डाव्या हाताच्या तळव्यानं एकेक ठसा हलकेच पुसला. मामांचे ठसे तो नेहमी तसेच पुसायचा.

सकाळी ठसा ताजा दिसला की त्या दिवशी दिवेलागणीला त्याची आणखी एक फेरी असे. तेव्हा तो दारोदार थांबत नसे, नुसता चालत जाई आणि म्हणत जाई, "मामा उना शे. मामा उना शे." आवाज खालचा आणि आदबीचा. घरी आलेल्या वडीलधाऱ्या माणसाची वर्दी द्यावी तसा. ओरडून सांगणं हा मामाचा अपमान. लोक मुकाट्यानं गुरं आत घेत, दारं लावत. मलाही त्याची सवय झाली. इतकी झाली, की तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी काय समजले होते, ते माझ्या डोक्यातूनच गेलं.

यमू आमखेडीतच झाली. ती चार वर्षांची होती त्या वर्षी माझा भाऊ वसंता पहिल्यांदाच भाऊबीजेला आमच्याकडे यायचा होता. त्याचं पत्र आलं तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. मामा येणार, मामा बाहुली आणणार, मामा तुला खांद्यावर घेणार. जेवायला नखरे केले की मी म्हणायची, खा नाहीतर मामाला सांगेन. आठ दिवस मीच तिच्या कानात तो शब्द भरत होते.

वसंता नंदुरबारला गाडीतून उतरून, प्रकाशाला तापी ओलांडून बैलगाडीनं दिवेलागणीपर्यंत पोचेल, असा हिशेब होता. दुपार टळल्यावर हे त्याला सामोरे म्हणून ब्राह्मणपुरीच्या वाटेला गेले. त्या सकाळी खेमजी येऊन सांगून गेला होता, "मामा ज्वारीमा शे, बाई. आज दार लाई ल्या." मी हो हो म्हटलं. माझं निम्मं लक्ष दुधाकडे होतं, बासुंदी लागू नये म्हणून.

यमूला नवा परकर नेसवून मी पुढच्या खोलीत बसवलं होतं. मी चुलीपाशी पुऱ्या लाटत होते. दार नुसतं लोटलेलं होतं, यांनी आणि वसंतानं परत येऊन खोळंबू नये म्हणून. एवढ्यात गल्लीतून तो आवाज आला, "मामा उना शे. मामा उना शे." पाठोपाठ यमू ओरडली, "आई, मामा आला!" आणि दार ढकलल्याचा आवाज झाला.

आता जे लिहिते आहे ते यांनाही मी पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तिची हाक ऐकून मलाही वसंताच आला असं वाटलं. खेमजीचा आवाज मी ऐकला होता, सकाळचं त्याचं बोलणं मला माहीत होतं, आणि तरी मी पिठाचे हात पुसले आणि भावासमोर जायचं म्हणून कोनाड्यातल्या आरशात पाहून केस सारखे केले. मग बाहेर आले.

यमू आवाराच्या मधोमध उभी होती. गायीच्या गव्हाणीपाशी, तिच्यापासून पंधरा पावलांवर, तो बसला होता. मी मनात धरला होता त्याच्यापेक्षा लहान होता. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. माझ्या तोंडून आवाज फुटेना आणि पायही उचलेना. आई झालेल्या बाईनं असं लिहिणं सोपं नाही, पण मी ओट्यावर खिळून राहिले.

खेमजी गल्लीतून आत आला. धावला नाही. पळणाऱ्याच्या मागे जनावर लागतं, हे त्यानंच आम्हाला शिकवलं होतं. तो चालत यमूच्या पुढे येऊन उभा राहिला, तिच्याकडे पाठ करून, आणि त्याच खालच्या, आदबीच्या आवाजात म्हणाला, "मामा, हाई लहान शे. तुले वळखत नही. तू जाय, मामा."

काठी त्याच्या उजव्या हातात होती. ती त्यानं खाली टाकली. देवावर काठी कशी उचलायची? जनावरानं झेप घेतली तेव्हा त्यानं नुसता डावा हात आडवा धरला. क्षणभर दोघंही धुळीत दिसले, मग कुंपण खडखडलं आणि ज्वारी हलली. खेमजी उठून बसला. कोपरापासून मनगटापर्यंत त्याच्या हाताचं मांस फाटून लोंबत होतं. यमू माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, हा माझा मामा नाही ना?"

त्या दिवशी तो पहिल्यांदा आमच्या घरात आला. मी आणि शेजारच्या बायकांनी त्याला धरून आत नेलं, यांच्या खाटेवर निजवलं, गरम पाणी आणि हळद, होते नव्हते ते धुतलेले पंचे. त्याच वेळी दारात बैलगाडी वाजली आणि हे वसंताला घेऊन आले. प्रकाशाला नावेची वाट पाहण्यात उशीर झाला होता. वसंता खाली उतरला, सगळं ऐकलं आणि पाणीही न पिता त्याच गाडीत खेमजीला घेऊन शहाद्याच्या दवाखान्याकडे परत फिरला. सगळी वाट त्यानं तो हात मांडीवर धरून ठेवला होता. भाऊबीजेचं ओवाळणं राहिलं ते राहिलंच. बाहुली मात्र गाडीतून उतरवलेल्या बोचक्यात होती, ती दोन दिवसांनी सापडली.

वाघानं धरलेला माणूस सहसा त्या जखमेच्या विषानंच जातो. खेमजी वाचला. दोन महिन्यांनी परत आला तेव्हा डावा हात वाळलेल्या फांदीसारखा झाला होता, बोटं आत वळलेली. खांद्यापर्यंतही वर जात नव्हता. तो येऊन ओट्याखाली उभा राहिला. मी म्हटलं, "वर ये, खेमजी." तो आला नाही. माझ्या मनात साठलेलं सगळं मी तिथंच बोलून टाकलं. चूक माझी आहे. दार मी उघडं ठेवलं. मामा मामा करून पोरीला वेडं मी केलं. ज्या शब्दाला मी स्वतः फसले होते, तो पोरीला नीट सांगायची बुद्धी मला झाली नाही.

तो मान हलवत राहिला. "नही, बाई. घरमा भाऊ येवाना व्हता, तुम्ही पोरले मामा सांगा, ते बराबर व्हतं. वाघले मामा म्हनारा मी शे."

 त्याच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नव्हता. त्यालाही तो जड गेला असावा, कारण म्हणाल्यावर त्यानं ओठांवरून हात फिरवला. "पोर घरमातीन बाहेर उनी ती मन्हा शबदवरी उनी," तो म्हणाला. "मी तिले बलावं."

माघातली गोष्ट. ओढ्याकाठी ठसे दिसले, आणि दिवेलागणीला खेमजी निघाला. आम्ही सगळे घरात होतो. एकदम कानठळ्या बसतील असा आवाज आला, "वाघ! वाघ उना शे! दारे लावा! वाघ!" गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. कुणाच्या तरी घरी भांडं पडलं. यमू माझ्या कुशीत शिरली, दाराकडे गेली नाही. खेमजी त्या टोकापासून या टोकापर्यंत, प्रत्येक दारापुढे थांबून, त्या जनावराला त्याच्या नावानं पुकारत गेला.

दुसऱ्या दिवशी भिलाटीत मोठा गहजब झाला. म्हाताऱ्यांनी त्याला वाघदेवापाशी नेलं. कोंबडा दे, माफी माग, पुन्हा नाव घेणार नाही अशी आण घे. त्यानं कोंबडा दिला. माफीही मागितली, कपाळ दगडाला टेकून. आण घेतली नाही. त्याची बायको दिवली रडत माझ्याकडे आली. "तुम्ही सांगा त्याले, बाई. हाऊ नाव लिसन हाक मारस. एक दिन तो येई. मंग मी काय करू?"

यांनी खेमजीला बोलावून घेतलं. आमचे हे सुधारक मताचे, शाळेत पोरांना भूतखेत काही नसतं असं शिकवणारे. त्यांना खेमजीचं कौतुकच वाटत होतं. म्हणाले, "चांगलं केलंस. भिऊ नकोस. नाव घेतल्यानं काही होत नसतं."

 खेमजी म्हणाला, "तुम्हले व्हत नही, मास्तर. तुम्ही मानत नही. मी मानस. माले व्हस."

  खेमजीला वाटत होतं की ही हाक जनावराला त्याच्याकडेच आणणार. यात त्याला शंका नव्हती. आणि तरी पोरांना शब्द कळला पाहिजे म्हणून तो ती मारत होता. आम्ही दिवसातून दहा वेळा वाघ म्हणायचो आणि आम्हाला त्याचं काही लागत नव्हतं.

आठवड्याभरात त्यानं भिलाटीच्या बाहेर, शिवेच्या अंगाला, पळसाच्या झाडाखाली एक खोपटं उभं केलं. एका हातानं. कुडाच्या भिंती, वर गवत, आणि तुरीच्या काड्यांची एक झडप, तेच दार. जेवायला घरी येई आणि दिवेलागण झाली की, फेरी असेल तर ती संपवून, तिकडे जाई. मी विचारलं तर म्हणाला, "हाक मन्ही शे, त त्यानी मन्हाकडे येवाले जोयजे. पोरेसकडे नको." त्याला तीन लहान मुलं होती. उरलेलं आयुष्य तो त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर एकटा झोपला.

एका सकाळी तो वाचत वाचत आमच्या दाराशी येऊन थांबला. मग म्हणाला, "बाई, येतस का? मास्तरले बी सांगा." आम्ही दोघं त्याच्याबरोबर गेलो. खोपट्याभोवती ठसेच ठसे होते. त्यानं काठीनं दाखवलं. "तीन फेरा मारी गया. आठे बसना. दारले नाक लाव्हं." तुरीच्या काड्यांवर ओलसर धूळ चिकटलेली दिसत होती. मी त्याच्याकडे पाहिलं. आमच्याशी बोलतानाही तो सारखा मागे वळून बघत होता. हा माणूस कशालाच भीत नाही अशी माझी समजूत होती, ती त्या सकाळी गेली. तो आतून पार भ्यालेला होता.

मग तो खाली बसला आणि उजव्या हाताच्या तळव्यानं एकेक ठसा पुसायला लागला. पहिल्यासारखाच हलकेच. नाव घेऊ लागला, तरी देवाला पाय लावायचा नाही. सगळे पुसून व्हायला बराच वेळ लागला. त्या संध्याकाळी त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, आणि आम्ही सगळे दार लावून तो खोपट्यात पोचेपर्यंत ऐकत बसलो.

यमूला तो फार आवडायचा. ती त्याच्या मागे मागे फिरून ठसे ओळखायला शिकली. रडक्या कुठला आणि गावचं कुत्रं कुठलं, हे ती सहाव्या वर्षी सांगायची. एकदा तिनं त्याला 'खेमजीमामा' म्हणून हाक मारली. गावात सगळीच पोरं मोठ्या माणसांना मामा-काका म्हणतात, त्यात विशेष काही नव्हतं. पण तो उभ्या जागी थांबला आणि त्या एवढ्याशा पोरीपुढे त्यानं हात जोडले, म्हणजे एक हात दुसऱ्यापाशी नेला. "मामा नको म्हनू, माय. तो शबद मी जमीनमा गाडी टाका." तेव्हापासून ती त्याला खेमबा म्हणायला लागली.

यमू दहाची असताना यांची बदली शहाद्याला झाली. निरोप घ्यायला खेमजी गाडीबरोबर शिवेपर्यंत आला. नेहमीप्रमाणे मान खाली, वाटेची धूळ बघत. आमची गाडी हलल्यावर मी मागे वळून पाहिलं तर तो चाकोरीशेजारी वाकून काहीतरी पाहत होता. शिवेपाशी यमू खाली उतरून थोडं अंतर त्याच्याबरोबर चालली होती. तिच्या पावलांचे ठसे होते तिथं. ते त्यानं पुसले नाहीत.

सात वर्षांनी यमूचं लग्न ठरलं, मार्गशीर्षातलं. पहिली अक्षत कुलदेवतेला द्यायची आणि दुसरी मुलीच्या मामाला, अशी आमच्याकडची रीत. वसंता आधीच येऊन राहिला होता. मी कुंकू लावलेल्या तांदळांची वाटी घेऊन त्याच्यासमोर गेले, तर यमू मधे आली. म्हणाली, "आई, थांब. ही आमखेडीला जायची."

मी वसंताकडे पाहिलं. त्याला राग येईल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "बरोबर आहे तिचं. त्या दिवशी मी उशिरा पोचलो. तो वेळेवर होता. मला तिसरी दे."

आम्ही दोघी मायलेकी दुसऱ्या दिवशी गाडीनं आमखेडीला गेलो. भिलाटीत पोचलो तर दिवली दारात बसलेली. खेमजी आठ दिवसांपासून तापानं पडला होता, छाती भरली होती. मुलं घरात चला म्हणत होती, तो खोपटं सोडायला तयार नव्हता. हाक त्याच्या नावावर होती, ती घेऊन पोरांच्या घरात कसं जायचं, असं म्हणत होता. दुपारची वेळ होती. आम्ही दिवलीबरोबर शिवेकडे चालत गेलो.

एवढ्या वर्षांत मी त्याच्या घरात पाय ठेवला नव्हता. वाकून आत गेले. तो चटईवर पडला होता, डोळे मिटलेले, श्वास घरघरत होता. तांबडं फडकं उशाशी घडी करून ठेवलेलं. केस सगळे पांढरे झाले होते, ते मी प्रथमच पाहत होते. यमू त्याच्या शेजारी मातीत बसली. तिनं त्याची उजवी मूठ उघडली, तळव्यावर अक्षता ठेवल्या आणि वाकून त्याच्या कानाशी म्हणाली, "मामा. मामा, मी आलेय."

त्याचे डोळे खाडकन उघडले. तो आमच्याकडे पाहत नव्हता, दाराकडे पाहत होता. आणि जो डावा हात तेरा वर्षांत खांद्यापर्यंत गेला नव्हता, तो चटईवरून उचलला गेला आणि यमू आणि दार यांच्यामधे आडवा राहिला. "कोठे शे?" तो म्हणाला. आवाज कसाबसा निघत होता. "दार लावा. पोरले मांगे ल्या."

दिवलीनं तोंडात पदर कोंबला.  यमूनं तो वाळका हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि स्वतःच्या गालाला लावला. "बाहेर कुणी नाही," ती म्हणाली. "मी तुम्हाला हाक मारली. मामा तुम्ही. मुलीच्या मामाची अक्षत आणलीय."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग आपल्या उजव्या तळव्याकडे, लाल तांदळांकडे पाहिलं. आयुष्यभर धूळ वाचलेला माणूस, ते दाणेही वाचत असावा असं वाटलं. त्या दोन दातांच्या फटीतून हळूच वारा आला.

"मामा उना शे?" त्यानं विचारलं. तोच जुना आवाज, खालचा आणि आदबीचा.

"उना शे," यमू म्हणाली.

"मंग दार लावू नका."

तिसऱ्या दिवशी तो गेला. तोवर त्यानं अक्षतांवर मिटलेली मूठ उघडली नाही, असं दिवलीनं सांगितलं. आणि थंडी कडाक्याची असूनही खोपट्याचं दार शेवटपर्यंत उघडं होतं.